हाशिमभाईंचे दहा दंडगुण

परीक्षेचं वेळापत्रक फलकावर लागलं की मुलं ते उतरवून घेतात, आया ते स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवतात आणि पुढचे पंधरा दिवस त्याच्याकडे बघून घाबरतात. ते लावलं कोणी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. भिवंडीच्या त्या कॉलेजात ते एकोणीस वर्षं हाशिमभाई लावत आले होते. हुद्दा सीनियर क्लार्क, शिक्षण मॅट्रिक, अंगावर बारा महिने पांढरा शर्ट. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा विद्यापीठाच्या नावानं कॉलेजच घेई. त्यामुळे हजार-बाराशे पोरांचं नशीब दर मार्चमध्ये हाशिमभाईंच्या खोलीत मागच्या भिंतीवर टांगलेलं असे.

टांगलेलं म्हणजे खरोखरच टांगलेलं. त्या भिंतीवर त्यांनी बारा सुतळ्या आडव्या ताणल्या होत्या. एक सुतळी म्हणजे परीक्षेचा एक दिवस. डावीकडे सकाळ, उजवीकडे दुपार. प्रत्येक पेपरची एक चिठ्ठी, आणि ती सुतळीला कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं लावलेली. नवा प्राध्यापक खोलीत आला की हमखास विचारी, "काय हाशिमभाई, धुणं वाळलं का?"

हाशिमभाई मान वर न करता म्हणत, "अर्थशास्त्र अजून ओलं आहे, सर."

ही विद्या त्यांना घरातून मिळाली होती. वडील गुलाम हुसेन यांचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. सूत गुंडाळलेले जाडजूड बीम आले की कुठला बीम कुठल्या लूमवर चढवायचा, हे ते कागद-पेन्सिलीशिवाय ठरवत. आधी अडेल बीम घ्यायचा, कारण गुणी बीम कुठंही मावतो. काम अडकलं तर अडकलेल्याकडे बघत बसायचं नाही. जो मजेत बसलाय त्याला उठवायचं आणि अडलेल्याला जागा द्यायची. आणि ज्याला उठवलं त्याला लगेच परत तिथंच नेऊन बसवायचं नाही, नाहीतर संध्याकाळी मगरिबची अजान झाली तरी तेच दोन बीम इकडून तिकडे नाचतात. कधी कधी ते मुद्दाम चांगली लागलेली मांडणी बिघडवत. लूमची देखभाल करणारा जॉबर ओरडे, "सेठ, अच्छा-खासा चल रहा था!" गुलाम हुसेन म्हणत, "अच्छा चल रहा था, बहुत अच्छा नहीं."

हाशिमभाईंनी लूमच्या जागी दिवस घेतले आणि बीमच्या जागी पेपर. त्यांचे अडेल बीम म्हणजे एटीकेटीवाली मुलं. पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षात बसू देतात. पण तो राहिलेला विषय त्या वर्षी सुटला नाही, तर तिसऱ्या वर्षाचं दार बंद. अशी मुलं दोन्ही वर्षांचे पेपर देतात, आणि दोन्ही वर्षांचे पेपर एकाच वेळी आले तर माणूस काही अर्धा अर्धा होऊन दोन वर्गांत बसू शकत नाही. हाशिमभाईंकडे त्यांची यादी नावानिशी होती. एकोणीस वर्षांत एकाही मुलाचे दोन पेपर एका वेळी आले नव्हते. याबद्दल त्यांचा कधी सत्कार झाला नाही, कारण जे घडलं नाही त्याला हार कसा घालणार?

मग पंच्याण्णव साल आलं आणि कॉलेजात कॉम्प्युटर आला.

त्याच्यासाठी ग्रंथालयातली उर्दू आणि मराठीची दोन कपाटं व्हरांड्यात काढली गेली. खोलीला थंड हवेचं यंत्र बसलं, जे प्राचार्यांच्या खोलीलाही नव्हतं. दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. शिपाई दामू आत झाडू मारायला जाताना आधी पाया पडे. कॉम्प्युटरची जबाबदारी गणिताच्या रामनाथ सरांवर आली. सर जवळच्या शेलार गावचे, वय अठ्ठावीस, मुंबईत तीन महिन्यांचा कोर्स केलेले. माणूस चांगला, फक्त नुकताच शिकलेला.

"हाशिमभाई," ते म्हणाले, "ही ह्युरिस्टिक सर्च पद्धत आहे. सगळ्या शक्यता तपासायच्या तर जन्म पुरणार नाही. म्हणून मशीन एक वेळापत्रक घेतं, त्यात बदल करत जातं. कठीण पेपर आधी बसवतं. अडकलं तर एक पेपर उठवून दुसरा बसवतं. आणि उठवलेला पेपर काही काळ परत त्या जागी न्यायला बंदी."

"आणि मधूनच मुद्दाम थोडं बिघडवतं?"

सर चकित झाले. "तुम्ही कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही सर. अब्बा करायचे."

रामनाथ सर हसले. मोठेपणानं हसले, पण हसले.

आता मशीनला चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे कळत नाही. ते त्याला आकड्यांत सांगावं लागतं. प्रत्येक गैरसोयीला दंडगुण द्यायचे. ज्या वेळापत्रकाचे दंडगुण सगळ्यात कमी, ते सगळ्यात उत्तम. हे दंडगुण ठरवायला समिती बसली. अध्यक्षस्थानी संस्थेचे चेअरमन काळूरामशेठ. वडप्याला ज्या शेतात त्यांच्या बापानं भात लावला होता, तिथं आता त्यांची गोदामं उभी होती, आणि शिक्षणावर त्यांचं प्रेम होतं, कारण ते त्यांना मिळालं नव्हतं. परीक्षेच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये त्यांचा एकसष्टीचा सत्कार होता. त्या वेळी पेपर आला तर दंडगुण शंभर, असं एकमतानं ठरलं.

प्राचार्य दुपारी दोन ते चार आपल्या खोलीचं दार लावून बसत. कॉलेजात त्याला 'प्रशासकीय चिंतन' म्हणत. घोरण्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत येई. परीक्षा चालू असताना त्यांनी जागं असणं नियमानं आवश्यक, म्हणून दुपारच्या पेपरला दंडगुण चाळीस. एखाद्या प्राध्यापकाला लागोपाठ दोन दिवस पर्यवेक्षण आलं तर माणशी वीस. ही सूचना प्राध्यापकांकडूनच आली. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मैदानावर सायकली लागू नयेत म्हणून पाच मागितले, तेही मिळाले. बटाटेवडे आले. सगळे खुशीत होते.

तेवढ्यात रामनाथ सरांना आठवलं. "एक राहिलंच. एखाद्या विद्यार्थ्याचे दोन पेपर एकाच वेळी आले तर?"

सगळ्यांच्या तोंडात वडे होते. हाशिमभाई दारापाशी रजिस्टर घेऊन उभे होते; क्लार्क समितीत बसत नाही, उभा राहतो. सरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"ते होत नाही, सर," हाशिमभाई म्हणाले.

"होत नाही हो, पण मशीनला आकडा लागतो."

"जे होतच नाही त्याला काय आकडा? लिहा काहीही. दहा लिहा."

दहा लिहिले गेले. हाशिमभाईंनी स्वतःच्याच अक्षरात इतिवृत्तात नोंदवले. सूर्य पश्चिमेला उगवला तर किती दंड, असं कुणी विचारलं असतं तर तेही त्यांनी दहाच सांगितले असते.

मशीन अडीच दिवस चाललं. मध्ये चार वेळा लाईट गेली, चार वेळा पुन्हा पहिल्यापासून. अखेर रामनाथ सर लांबलचक कागद घेऊन व्हरांड्यातून पळत आले. "दहा! एकूण दंडगुण फक्त दहा!" शेठचा सत्कार सुखरूप. प्राचार्यांचं चिंतन अबाधित. एकाही प्राध्यापकाला लागोपाठ ड्युटी नाही. सायकलींचेही पाच वाचले. प्राचार्यांनी त्याच दिवशी वेळापत्रक छापायला पाठवलं, आणि स्थानिक वर्तमानपत्रात बातमी दिली की मशीननं बाराशे विद्यार्थ्यांमागे केवळ एकाची अडचण शिल्लक ठेवून विक्रम केला आहे.

ती 'केवळ एक' कोण, हे कागदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. सोमवार, सकाळी अकरा: पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र आणि दुसऱ्या वर्षाचा इतिहास. बाधित विद्यार्थी एक. आसन क्रमांक दोनशे सतरा.

हाशिमभाईंना यादी उघडावी लागली नाही. त्यांची पोरगी, जोहरा.

गेल्या वर्षी ऐन परीक्षेत तिला कावीळ झाली होती. पिवळ्या डोळ्यांनी तिनं बाकीचे पेपर दिले, अर्थशास्त्र तीन मार्कांनी गेलं. यंदा ते सुटलं तर तिसरं वर्ष, नाहीतर घरी. आणि घरी बसण्याचा अर्थ तिच्या आईला, माजिदाला, पुस्तकात वाचून कळलेला नव्हता. ती स्वतः इंटरला असताना सासऱ्यांच्या आजारपणात "एक वर्ष थांबू" म्हणून थांबली होती. ते वर्ष अजून संपलं नव्हतं.

संध्याकाळी हाशिमभाईंनी सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सूप तसंच खाली ठेवलं.

"सगळ्या गावच्या पोरांचे पेपर लावता, आणि नेमकी घरातली पोरगी राहिली?"

"मी नाही लावलं. मशीननं लावलं."

"मशीनला कुणी सांगितलं?"

जोहरा म्हणाली, "अब्बा, भिंतीवर एक चिठ्ठी इकडून तिकडे केली असती तर झालं असतं ना?"

"झालं असतं."

"मग उद्या जाऊन प्राचार्यांना सांगा," माजिदा म्हणाली.

"काय सांगू? एकोणीस वर्षांत कुणासाठी एक पेपर हलवला नाही. लूमवाले आले, नगरसेवक आले, तुझा भाऊ आला. सगळ्यांना परत पाठवलं. आता पहिल्यांदा हलवायला सांगायचं, तर स्वतःच्या पोरीसाठी?"

"माझ्या भावाचं नाव कशाला? त्याच्या पोराला नुसतं लग्नाला जायचं होतं. ही पोरगी एका वेळी दोन ठिकाणी बसणार कशी, ते सांगा."

हाशिमभाईंनी नियम सांगितला: बाधित विद्यार्थ्यानं आठ दिवसांत परीक्षा विभागाच्या खिडकीवर लेखी अर्ज द्यावा.

दुसऱ्या दिवशी जोहरा रांगेत उभी राहिली. खिडकीशी आली. हाशिमभाईंनी अर्ज वाचला, चष्मा वर केला. "वडिलांचं पूर्ण नाव राहिलंय."

"अब्बा!"

"मागे लोक उभे आहेत. लिहून आण."

मागची मुलं फिदीफिदी हसली. जोहरानं रागानं इतकं दाबून नाव लिहिलं की कागद फाटला. हाशिमभाईंनी फाटलेल्या कागदावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि अर्ज समितीपुढे ठेवला. मग दार लावून भिंतीसमोर उभे राहिले. सुतळ्या यंदा रिकाम्या होत्या. त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, मशीनचं वेळापत्रक जसंच्या तसं टांगलं आणि अर्थशास्त्राची चिठ्ठी काढून हातात धरली. गुरुवारी सकाळी हॉल अडलेला. दुसऱ्या कुठल्याही सकाळी ठेवली तर सात प्राध्यापकांना लागोपाठ ड्युटी. राहिली बुधवारची दुपार. तिथं कुणाचा पेपर नव्हता, फक्त प्राचार्य झोपलेले होते.

समितीत रामनाथ सरांनी प्रामाणिकपणे मांडलं, "बुधवारी दुपारी अर्थशास्त्र नेलं तर त्या मुलीची अडचण जाते. पण एकूण दंडगुण दहाचे चाळीस होतात."

"म्हणजे वेळापत्रक चौपट वाईट," प्राचार्य म्हणाले. "पेपरात बातमी आल्यावर जाणूनबुजून वाईट करायचं? आणि हातानं हलवायचं? मग मशीन कशाला आणलं?"

काळूरामशेठ मध्येच म्हणाले, "थांबा जरा. माझ्या हाराचे शंबर, आनि त्या पोरीचे दहा? त्या सायकलींचे किती?"

"पाच, शेठ."

"म्हंजे पोरगी दोन सायकलींच्या भावानं गेली. हे लिवलं कोनी?"

प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. प्राचार्यांनी इतिवृत्त पुढे ओढलं, पानं उलटायला लागले.

"शोधू नका, सर," दारातून हाशिमभाई म्हणाले. "दहा मी सांगितले. मला वाटलं, जे कधी होत नाही त्याला मोठा आकडा कशाला. चूक माझी आहे. आणि पोरगीही माझी आहे. हे दोन्ही लिहून घ्या, मग काय ठरवायचं ते ठरवा."

रामनाथ सरांचे कान लाल झाले. "चूक माझीही आहे," ते हळूच म्हणाले. "ती गोष्ट आकड्यांत घालायचीच नव्हती. आधीच बंदी घालायची होती. कोर्समध्ये शिकवलं होतं. मी विसरलो."

आता सगळ्यांच्या लक्षात आलं की शेठनी सत्कार हलवला तर प्रश्न एका मिनिटात सुटतो. शेठच्याही लक्षात आलं. "सत्कार हलनार न्हाय," ते घाईनं म्हणाले, "पत्रिका वाटल्यात. अकलोलीपासून मानसं येनार हायत. पन भाव सुधारू की! दहाचे किती करायचे, बोला."

आणि शेठना जे खरं येत होतं ते सुरू झालं. जमिनीचा सौदा करावा तशी घासाघीस. प्राचार्यांनी पंधरा सांगितले. रामनाथ सर म्हणाले, पंधराचा उपयोग नाही. चाळीसच्या वर गेल्याशिवाय मशीन दुपारच्या वेळेला हात लावणार नाही. प्राचार्य पंचवीसवर आले. मग तीसवर. "विद्यार्थी हा आपला केंद्रबिंदू आहे," ते म्हणाले, "म्हणून पस्तीस."

"चाळीस घ्या, प्राचार्य."

"शेठ, चाळीस म्हणजे प्रशासकीय चिंतनाइतकेच होतात."

"मंग एक्केचाळीस. एक पोरीचा जादा. झाला सौदा!" शेठनी टेबलावर हात मारला. बटाटेवडे उडाले.

ठराव झाला. रामनाथ सरांनी दहाच्या जागी एक्केचाळीस घातले. पुन्हा दोन दिवस, पुन्हा तीन वेळा लाईट. मशीननं अर्थशास्त्र बुधवारी दुपारी दोनला टाकलं, जे हाशिमभाईंनी एका चिमट्यात टाकलं होतं. फरक एवढाच, की आता ते शास्त्रीय होतं.

सुधारित वेळापत्रक फलकावर लागलं आणि तासाभरात गावभर झालं: हाशिमभाईंनी पोरीसाठी अख्खं कॉलेज हलवलं. ज्यांना त्यांनी एकोणीस वर्षं परत पाठवलं होतं ते सगळे आता भेटायला आले. लूमवाले म्हणाले, "हमारे टाइम पे तो उसूल था, हाशिमभाई!" नगरसेवकानं नुसती पाठ थोपटली, आणि ते जास्त लागलं. माजिदाचा भाऊ तर मिठाई घेऊन आला. हाशिमभाईंनी कुणालाही इतिवृत्त दाखवलं नाही. दाखवलं असतं तर लोकांनी एवढंच वाचलं असतं की पोरीची किंमत बापानंच दहा लावली होती.

बुधवारी दुपारी उन्हानं हॉलचे पत्रे तडतडत होते. प्राचार्य खुर्चीत ताठ बसले होते, डोळे सताड उघडे, चेहऱ्यावर शहिदाचा भाव. जोहरा दुसऱ्या रांगेत होती. त्या दिवशी हाशिमभाईंनी हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. पुरवण्याही दामूच्या हाती पाठवल्या. पाचला ती बाहेर आली आणि विभागावरून सरळ निघून गेली. पेपर कसा गेला, हे ना तिनं सांगितलं ना त्यांनी विचारलं.

निकाल जूनमध्ये होता. त्याआधीच्या आठ दिवसांत माजिदानं घरातली सगळी भांडी दोनदा घासली. आमटीत मीठ पडेना, चहात साखर दोनदा पडे. रात्री ती जोहराच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघे आणि डोळे पिवळे तर नाहीत ना, म्हणून दिवा लावे. पोरगी वैतागून म्हणे, "अम्मी, झोपू दे!" निकालाच्या दिवशी हाशिमभाई नेहमीच्या वेळी, नेहमीच्या शर्टात कामावर गेले. माजिदा दोघांनाही न सांगता रिक्षानं कॉलेजात गेली, पोरांच्या गर्दीत शिरली, फलकापाशी पोचली आणि दोनशे सतरावर बोट ठेवून तीन वेळा वाचलं. पास. अर्थशास्त्र, त्रेपन्न. शेजारच्या अनोळखी मुलाला तिनं विचारलं, "बाळा, हे पासच आहे ना रे?" तो म्हणाला, "हो मावशी." तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला.

संध्याकाळी हाशिमभाई घरी आले. माजिदा दारातच उभी होती, हातात साखरेची वाटी. "पास झाली!"

"हो," ते चपला काढत म्हणाले. "परवा मीच टाइप केलं."

वाटी तशीच राहिली. "परवा?"

"परवा दुपारी."

"आणि मी दोन दिवस मरत होते ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण निकाल जाहीर व्हायच्या आधी घरी सांगायचा नसतो. बाराशे घरांतल्या आया वाट बघत होत्या."

माजिदानं साखरेची वाटी जोहराच्या हातात दिली, आत गेली आणि तव्यावरच्या भाकरीवर झाकण ठेवलं. "मग ऐका," ती आतूनच म्हणाली, "तुमचं जेवण तयार आहे. पण अजून जाहीर झालेलं नाही."